जुन्या कार्डांवरची वचनं

मास्तरांनी मला वरची खोली दिली तेव्हा भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं आणि ‘बघू’ या एका शब्दावर आम्ही अर्धा तास घालवला.

‘‘किती वर्सं राहणार?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बघू, जमेल तसं,’’ मी म्हणाले.

‘‘बघू म्हंजे किती?’’

मी नातेपुते गावची. प्राथमिक शाळेत नोकरी लागून नुकतीच सोलापुरात आले होते. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे होही असतं आणि नाहीही असतं, ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीनं घ्यायचं. मास्तरांना ते चालत नव्हतं. शेवटी वैतागून मी ‘तीन वर्षं’ म्हटलं, तेव्हा त्यांनी किल्ली हातावर ठेवली. बरोबर तीन वर्षांनी जूनमध्ये ते जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘बाई, तुमची तीन वर्सं झाली. आता फुडचं सांगा.’’ मी पुन्हा तीन सांगितली. त्यानंतर आणखी एकदा हेच झालं. आता नववं वर्ष संपत आलंय आणि जिना चढून येणारे मास्तर नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात ते जकार्ड मागाची कार्डं ठोकायचे. जकार्डची चादर कशी विणतात हे मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. आधी नक्षी चौकोन आखलेल्या कागदावर काढायची. मग त्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्याच्या लांब कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं एकापुढे एक ओवून मागावर चढवायची. जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मागाला बाकी काही कळत नाही. मोर असो की कमळ, तो फक्त भोकं वाचतो.

‘‘माणसाचंबी त्येच हाय,’’ मास्तर म्हणायचे. ‘‘दिवसभर सोताशी बोलत असतोय. आत जे कार्ड लावलंय तसंच हातून हुतंय.’’

आमच्या चर्चमधल्या बहुतेकांना मास्तर ठाऊक होते ते त्यांच्या डब्यामुळे. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. एक जानेवारीला, मरियामातेच्या सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की ते तो डबा घेऊन आवारातल्या कडुनिंबाखाली उभे राहायचे. नव्या वर्षासाठी वचन काढायची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. छापील रंगीत चिठ्ठ्या असतात, त्यावर बायबलातली ओळ असते, आपण ती घरी नेऊन कपाटाला चिकटवतो आणि फेब्रुवारीपर्यंत विसरतो. मास्तरांचं तसं नव्हतं. मागावर झिजून बाद झालेली कार्डं कापून ते त्यांच्या चिठ्ठ्या करायचे. प्रत्येक चिठ्ठीला भोकं असायची आणि अक्षरं त्या भोकांना वळसा घालून गेलेली असायची. आणि वचन दोन शब्दांचं, फार तर तीन. ‘आधी ऐक.’ ‘हात पुढे कर.’ ‘मोजू नकोस.’ ‘उरलेलं वाट.’

‘‘शास्त्रातलं वचन लांब आन् माणूस आखूड,’’ ते म्हणायचे. ‘‘मावाया पायजे की.’’

नियम तीन होते. काढलेलं कार्ड सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. बदलून मागायचं नाही. आणि वर्षभरात जे पाळलं असेल तेच कार्ड पुढच्या एक जानेवारीला डब्यात परत टाकायचं आणि नवं काढायचं. नसेल पाळलं, तर डब्यात हात घालायचा नाही. जुनंच कार्ड पुन्हा मोठ्यानं वाचायचं आणि पुन्हा वर्षभर वागवायचं. ‘‘पाळलं न्हाय ते वचन जुनं हुत न्हाय,’’ असं ते सांगायचे. रेल्वेत असलेल्या एका गृहस्थांनी ‘आधी ऐक’ हे कार्ड सलग चार वर्षं वाचलं. पाचव्या वर्षी त्यांच्या बायकोनंच पुढे होऊन सांगितलं, ‘‘टाकू द्या मास्तर, आता ऐकतात,’’ तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवे फादर आले ते तरुण होते, परगावचे होते आणि त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं. त्यांना हा प्रकार रुचला नाही. ‘‘मास्तर, हे मला थोडंसं लॉटरीप्रमाणे वाटते,’’ ते म्हणाले.

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘लॉटरीत मिळतंय फादर. हितं द्यावं लागतंय.’’ आणि डबा त्यांच्यापुढे धरला. फादरांना ‘चालत जा’ आलं. तोपर्यंत फादर मोटारसायकलवरून घरोघर जायचे, पाच मिनिटं उभ्या उभ्या प्रार्थना करून पुढच्या घरी. त्या वर्षी ते चालत फिरले. सोलापूरच्या मे महिन्यात चालत येणाऱ्या माणसाला कोणी पाच मिनिटांत सोडत नाही. पाणी द्यावं लागतं, बसवावं लागतं, मग तो कण्हतो, आपण कण्हतो. डिसेंबरपर्यंत फादरांना प्रत्येक घरातलं दुखणं माहीत झालं होतं आणि त्यांचं मराठीही बरंच सुधारलं होतं.

मास्तर तोंडाकडे बघायचे त्याचं कारण त्यांना कमी ऐकू यायचं. चाळीस वर्षं मागांच्या खटखटीत काढलेला माणूस. त्यांना काही सांगायचं तर समोर उभं राहून ओरडावं लागायचं आणि ते सगळ्या बोळाला ऐकू जायचं. मी बोलभांड, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. नळाला पाणी यायचा दिवस कधी, गॅस संपला, शाळेत हेडबाईंशी काय वाजलं, सगळं मी जिन्यातून ओरडून सांगायची. न सांगितलेली गोष्ट एकच आहे आणि ती मी आडवळणानं आता सांगणारच आहे.

त्यांच्या कॉटवर बारा महिने एकच चादर असायची. दोन मोर समोरासमोर, आणि दोन्ही आंधळे. मोराचा डोळा म्हणजे नक्षीच्या आखलेल्या कागदावर एक काळा ठिपका. तरुणपणी एकदा ते भोक ठोकायचं राहून गेलं. त्या कार्डांवर दीडशे चादरी निघाल्या तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. मालक शिवभक्त, कपाळावर भस्माचे पट्टे, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी कुणाची चूक ते विचारायच्या आधीच मास्तर पुढे गेले आणि म्हणाले, माझी. मालकांनी त्यांना काढलं नाही. म्हणाले म्हणे, ‘‘तुझं लई अवघड हाय बग. खोटं बोलला असतास तर शिव्या तरी घातल्या असत्या.’’ आणि त्यातलीच एक चादर त्यांना देऊन टाकली.

‘‘चूक एकदाच हुती बाई,’’ मास्तर त्या चादरीवर हात फिरवत मला म्हणाले होते. ‘‘पण चादर दर येळी चुकती.’’

‘‘मग चुकलेलं कार्ड टाकूनच द्यायचं का?’’ मी विचारलं.

‘‘टाकायचं कशापायी? नको तितं भोक पडलं आसंल तर कागद चिकटवून बुजीवता येतंय. ऱ्हायलं आसंल तर पाडता येतंय. फकस्त माग थांबवाया लागतोय.’’

हे मला सांगणाऱ्या माणसानं चौदा वर्षं माग थांबवला नव्हता.

त्यांना एक मुलगी, ग्रेसी. बायको लवकर गेली, पोरीला यांनीच वाढवलं. त्याच कारखान्यात श्रीनिवास नावाचा तेलुगू विणकर मुलगा होता, आईवेगळा. त्याला मास्तरच रविवारी जेवायला घरी आणायचे. दोन वर्षांनी ग्रेसीनं त्याच्याशी रजिस्टर लग्न केलं आणि मग येऊन सांगितलं. मास्तर तिला दारात उभं राहून म्हणाले, ‘‘या उंबऱ्याच्या आत आता तुजं पाऊल नगं.’’ धर्म सोडला म्हणून नव्हे, चर्चमध्ये लग्न केलं नाही म्हणूनही नव्हे, दोन वर्षं माझ्याशी खोटं बोलली म्हणून, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मला वाटतं तिन्ही कारणं होती. माणूस एका कारणानं एवढा रागावत नाही.

हे सगळं मी येण्याच्या सहा वर्षं आधीचं. मला बोळानं सांगितलं. ग्रेसी दूर कुठं गेली नव्हती, दोन किलोमीटरवर राहत होती. ती त्या उंबऱ्याशी पुन्हा आली नाही, कारण तीही त्यांचीच मुलगी. बोललेला शब्द पाळायचा असतो हे त्या घरातच तिनं शिकलं होतं. आणि मास्तर रविवारी मिस्साला शेवटच्या बाकावर बसायचे आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे रांगेत उठले की एकटेच बसून राहायचे. लोक म्हणायचे, केवढी नम्रता. मलाही तसंच वाटायचं. वेदीपाशी येण्याआधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे जाऊन ये, ही शिकवण मी दर वर्षी मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवते, आणि तरी मास्तर का उठत नाहीत ते मला दिसलं नाही.

मी एकदा विषय काढला होता. ‘‘मास्तर, ग्रेसीला बोलवा की आता.’’ त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर दाबला. काही ठरवताना ते असंच करायचे, जणू भोक पाडतायत. मग म्हणाले, ‘‘मी शबुद बोललोय.’’ आणि पाणी भरायला गेले.

डबा धरायचं काम पुढे माझ्याकडे आलं. सगळ्यांचं झालं की शेवटी मास्तर स्वतः हात घालायचे. त्यांचं कार्ड ते मोठ्यानं वाचत नसत, खिशात टाकायचे. मोठ्या माणसाला कोण विचारणार? पण डबा माझ्याच हातात होता आणि एका वर्षी मला दिसलं की त्यांची मूठ मिटलेलीच आत गेली आणि मिटलेलीच बाहेर आली. दोन बोटांच्या फटीत कार्डाची कड होती, वापरून काळी पडलेली.

‘‘मास्तर, वाचा की तुमचं,’’ मी चेष्टेनं म्हणाले.

‘‘जुनंच हाय,’’ ते म्हणाले आणि शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराआड ठेवलं.

गेल्या वर्षीच्या एक जानेवारीला मला कार्ड आलं, ‘आजच सांग.’ वाचल्यावर सगळे हसले. ही बाई काय सांगायची ठेवते, असं कोणीतरी म्हणालं. मीही हसले.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होऊन काही आठवडे झाले होते. एक दिवस भाजी घेताना माझ्याशेजारी एक बाई येऊन उभी राहिली. नाक अगदी मास्तरांचं.

‘‘तुमी पप्पांच्या वरच्या खोलीतल्या बाई ना?’’ ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं वांगी निवडत, माझ्याकडे न बघता सांगितलं. मुलगी आठ वर्षांची झाली. ईस्टरला तिचा बाप्तिस्मा करायचाय. श्रीनिवासनं हो म्हटलंय, फादरांशीही बोलून झालंय. ‘‘पप्पांनी धर्मपिता म्हणून तिच्यासोबत उभं राहावं, असं मनात आहे. पण मला आधी घरी येऊन त्यांना विचारायचंय. तुमी त्यांना विचाराल का, मी येऊ का म्हणून? नुसतं ‘ये’ म्हणाले तरी बास. मी वाट बघते.’’

मी म्हणाले, ‘‘आजच सांगते.’’ हे शब्द मी तोंडानं म्हणाले.

घरी आले तर मास्तरांना ताप होता. ताप उतरू दे, म्हटलं. मग दोन दिवस पाणी आलं नाही, ते चिडलेले होते. मग माझ्या लक्षात आलं की हे सांगायचं तर मोठ्यानं ओरडून सांगावं लागेल, ‘‘ग्रेसी येऊ का विचारतेय,’’ आणि सगळा बोळ कान टवकारून उत्तराची वाट बघेल. तेवढ्या लोकांसमोर हा माणूस ‘ये’ म्हणेल? नाही म्हणून बसला तर तोही शब्दच झाला. म्हणून झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिस्सानंतर चर्चच्या मागं नेऊन सांगायचं मी ठरवलं. माझा बेत अगदी शहाणपणाचा होता. कागदावर लिहून त्यांच्या हातात देता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं. जो माणूस आयुष्यभर चिठ्ठ्या लिहीत आला त्याला मी एक चिठ्ठी लिहू शकले नाही.

आदल्या शनिवारी पाण्याचा दिवस होता. सकाळी बोळातून कुणीतरी ओरडलं, ‘‘मास्तर, पाणी वाया चाललंय की.’’ मी खाली आले तर पाईप अंगणात लोळत होता आणि मास्तर नळापाशी पडले होते. डोळे उघडे होते. उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि वाचा गेली होती. भाजीवालीपाशी दिलेल्या शब्दाला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

मी ग्रेसीच्या घरी धावले. सगळं सांगितलं. तिनं पायात चपला सरकवल्या आणि मग थांबली. ‘‘मी विचारलेलं... ते काय म्हणाले होते?’’

‘‘आता ते काहीच बोलू शकत नाहीत ग्रेसी,’’ मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला ते बोलता आलं.

दवाखान्याला उंबरा नसतो. ती आली, कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. मास्तरांनी तिला बघितलं. तोंडातून नुसता घरघर आवाज आला. मग डावा हात उचलून ते छातीवर मारू लागले, डाव्या बाजूला, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या दिशेनं झटकू लागले. नर्स म्हणाली, अस्वस्थ होतायत, बाहेर थांबा. ग्रेसी त्या हाताकडे बघत होती. बाहेर येऊन ती मला म्हणाली, ‘‘जा म्हणतायत. अजूनबी जाच म्हणतायत.’’ मी म्हणाले, तसं नसेल. पण काय असेल ते मलाही माहीत नव्हतं. ती घरी गेली. फादरांनी येऊन आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावलं, प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये झावळ्या वाटत होते त्या वेळी मास्तर गेले.

दवाखान्यानं त्यांचे कपडे पिशवीत घालून माझ्याकडे दिले. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर होतं आणि त्याच्याआड ते कार्ड. कडा काळ्या, अंगठ्याच्या जागी खोलगट झिजलेलं. भोकांना वळसा घालून लिहिलेलं होतं, ‘मागे घे.’

डावा हात छातीवर कुठं मारत होते ते तेव्हा मला कळलं. खिसा शोधत होते. दवाखान्याच्या कपड्यांना खिसा नव्हता.

शवपेटी घरी आणली होती. बोळ माणसांनी भरला होता. ग्रेसी आली, नवरा आणि मुलगी बरोबर होते. ती उंबऱ्यापाशी येऊन थांबली. बायका म्हणाल्या, ‘‘ये की गं आत, आता कोण अडवतंय?’’ ती हलली नाही. ‘‘त्यांना बाहेर आणा,’’ ती म्हणाली, ‘‘मी हितनंच बघते.’’ मी गर्दीतून वाट काढत गेले आणि कार्ड तिच्या हातात दिलं. ते कुठं सापडलं ते सांगितलं, दर जानेवारीला मिटल्या मुठीत डब्यात जाऊन परत यायचं तेही सांगितलं. तिनं वाचलं. त्या झिजलेल्या जागी तिनं आपला अंगठा ठेवला. मग चपला काढून ती आत गेली आणि पेटीपाशी बसून एवढी रडली, की पोर घाबरून बापाला बिलगली.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, ‘‘बाई, मग मी निरोप धाडला तेव्हा ते गप्प का बसले?’’

मास्तर समोर होते. मी म्हणाले, ‘‘मला नाही माहीत.’’

त्यानंतर ग्रेसी कुटुंबासह खालीच राहायला आली. मी तिची भाडेकरू झाले. मोरांची चादर तिनं धुऊन पुन्हा त्याच कॉटवर घातली. मुलीचा बाप्तिस्मा पावसाळ्यानंतर झाला. मी पुढच्या बाकावर बसून रडले, आणि सगळ्यांना वाटलं मास्तरांच्या आठवणीनं. शेंगाची चटणी कुटली की ग्रेसी वाटीभर वर पाठवायची आणि मी ती तशीच झाकून ठेवायची. कधी संध्याकाळी जिन्यात बसून ती तोच प्रश्न स्वतःला विचारायची. ‘‘कार्ड खिशात होतं, पण ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं नाही. एवढं काय जड होतं त्यांना?’’ मी ऐकून घ्यायची. नाताळाआधी मी फादरांकडे कन्फेशनला, पाप कबूल करायला गेले. ते नेहमी लांबलचक समजावतात, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘‘देवाला सांगितलं, चांगलं झालं. आता तिला सांगा.’’ मी हो म्हटलं आणि पुन्हा आठवडा घालवला. मास्तर शिकवायचे की आत लावलेलं कार्ड माणसाला चालवतं. माझ्या आत दुसरंच कार्ड लागलं होतं, ‘मला नाही माहीत’ असं लिहिलेलं, आणि रोज त्यावर तीच चादर निघत होती.

यंदा एक जानेवारीला डबा ग्रेसी घेऊन आली. कडुनिंबाखाली तिनं तो माझ्याकडे दिला आणि म्हणाली, ‘‘धरा, तुमीच धरत होता ना.’’ सगळ्यांची वचनं झाली. तिच्या मुलीला ‘उरलेलं वाट’ आलं, तर तिनं लगेच खिशातून अर्धं चॉकलेट काढलं. लोक पांगू लागले. ग्रेसी म्हणाली, ‘‘बाई, तुमचं राहिलं की.’’

मी पर्स उघडली. मूठ मिटून डब्यात हात घालणं काही अवघड नव्हतं, कसं करतात ते मी पाहिलेलं होतं. पण मी जुनं कार्ड वर धरलं आणि मोठ्यानं वाचलं, ‘‘आजच सांग.’’ माझा आवाज शाळेत असतो तसा आला नाही. फादर चर्चच्या दारातून आत चालले होते, ते थांबले.

‘‘ग्रेसी,’’ मी म्हणाले, ‘‘तुझा निरोप मी मास्तरांना दिलाच नाही. आज देऊ, उद्या देऊ करत राहिले. त्यांना माहीतच नव्हतं तू विचारलंस ते.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. अगदी तिच्या बापासारखी, तोंडाकडे.

‘‘किती दिवस होते?’’ तिनं विचारलं.

‘‘अकरा.’’

‘‘म्हणजे पप्पा नाही म्हणालेच नव्हते,’’ ती म्हणाली. क्षणभर तिचा चेहरा इतका हलका झाला, की मला वाटलं आता ती हसेल. नऊ महिने मी तिच्यापासून काय दडवलं होतं ते मला त्या क्षणी दिसलं. मग तो हलकेपणा गेला. ‘‘मग ‘ये’ म्हणाले असते,’’ ती म्हणाली.

तिनं मुलीचा हात धरला आणि फाटकाकडे चालू लागली. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

डबा माझ्याच हातात राहिला. पाळलेलं कार्ड डब्यात परत टाकायचं, असा नियम आहे. मी झाकण काढलं. सांगितलं तर होतं. पण कार्डावर नुसतं ‘सांग’ नाही, ‘आजच सांग’ आहे, आणि तो आज केव्हाच गेला. मी झाकण लावलं आणि कार्ड पर्समध्ये ठेवून दिलं. मास्तर असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

त्या दिवसापासून ग्रेसी माझ्याशी पाण्याच्या दिवसापुरतं बोलते. वाटी वर येत नाही. जूनमध्ये माझी तीन वर्षं भरतात. ती जिना चढून येईल का, आणि आली तर ‘फुडचं सांगा’ म्हणेल की खोली सोडा म्हणेल, मला माहीत नाही. दोन्हींसाठी मी तयार आहे. जे विचारेल त्याला ‘बघू’ म्हणायचं नाही, एवढंच ठरवलंय.